धावपट्टीवरचा मांडव

आमच्या राज्यात एके काळी एक राखीव हवाई दल होतं, असं मी सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. होतं. सरकारी शिक्क्यासकट होतं. त्याचं नाव इतकं लांबलचक की ते उच्चारून होईपर्यंत शत्रू बॉम्ब टाकून घरी चहाला पोचला असता. ते नाव मी इथे देत नाही. ज्यांनी ते छातीवर लावून मिरवलं त्यांची नातवंडं अजून उल्हासनगरात दुकानं चालवतात, आणि पडद्याचं कापड मला त्याच दुकानांतून घ्यायचं असतं. आम्ही सगळे त्याला नुसतं 'पथक' म्हणायचो. या हवाई पथकाकडे विमान नव्हतं.

त्याचा जन्म कसा झाला ते बाबा सांगायचे. पाकिस्तानशी लढाईच्या दिवसांत इकडेही ब्लॅकआउट असायचा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, भोंगा वाजला की माणसं जिन्याखाली जाऊन बसायची. लढाई संपली, कागद निघाले, पण भोंग्याची सवय लागलेली काही मोठी माणसं होती, त्यांना चैन पडेना. खरं हवाई दल सरहद्दीवर गुंतलं तर आपल्या आभाळाकडे कोण बघणार, असा प्रश्न त्यांनी मुंबईत कुठल्या तरी सभेत विचारला आणि सरकारने तो मनावर घेतला. ठिकठिकाणी रविवारचे स्वयंसेवक जमवायचे ठरलं. त्यांनी आभाळावर नजर ठेवायची, हल्ल्याची खबर द्यायची. पूर आला, आग लागली, तर मोकळी जागा साफ करून विमानाला उतरण्यासाठी खुणा मांडायच्या आणि औषधं उतरवून घ्यायची. ऐकायला किती छान. सुरुवातीला काही निवृत्त वैमानिक आणि दोन-चार जुनी विमानंही होती म्हणे. ती मुंबईकडच्या तुकडीने ठेवून घेतली आणि आमच्या वाट्याला शिट्ट्या आल्या.

आमची तुकडी म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. तिला कवायतीला जागा मिळाली ती मात्र फर्स्ट क्लास. अंबरनाथवरून मलंगगडाकडे बघितलं की मध्ये जो माळ लागतो तिथे गोऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली धावपट्टी होती. शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन बांधलेली. गोरे गेले, विमानं गेली, जमिनी काही परत मिळाल्या नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक मग त्या धावपट्टीवर पेंढा वाळत घालायचे आणि म्हशी बांधायचे, आणि माझं मत विचाराल तर त्या धावपट्टीचा तेवढाच काय तो खरा उपयोग होता. पथकाची दर रविवारची पहिली कामगिरी म्हणजे या म्हशी हाकलणं. म्हशी हलायच्या नाहीत. मग पथक थोडं पलीकडे जाऊन कवायत करायचं.

पथकप्रमुख उल्हासनगरच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवून निवृत्त झाले होते. विमानाचा आणि त्यांचा संबंध एवढाच की एकदा ते कुठल्याशा अधिवेशनाला विमानाने गेले होते आणि त्या प्रवासाचं वर्णन ते दर भाषणात करायचे. त्यांच्या खालोखाल एक शेठ होते, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये कापडाचे घाऊक व्यापारी. पथकाचा गणवेश त्यांच्या दुकानातून, रविवारचे समोसे त्यांच्या मेव्हण्याकडून, वर्धापनदिनाचा मांडव त्यांच्या भाच्याचा. माणूस वाईट नव्हता, पण दोन पैसे सुटतील तिथेच त्याची देशभक्ती जागी व्हायची. बाकीचे कारकून, मास्तर, दुकानदार. प्रत्येकाला काही ना काही हुद्दा होता. हुद्दा नसलेला माणूस पथकात शोधून सापडला नसता. म्हशी हाकलायलासुद्धा हुद्दा होता.

असं हे बडं घर आणि पोकळ वासा. त्यात माझी आई कशी शिरली, हे सांगते.

आम्ही बुवापाड्यात राहायचो. बाबा सरकारी कारखान्यात फिटर, आई एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला. आठ तास बसून गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची. आई गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. तोंडाची तिखट, नळावर तिच्या पुढे हंडा लावायची कुणाची हिंमत नव्हती, आणि स्वतःची बढाई मारायला तिला फार आवडायचं. ऐंशीनंतर कधी तरी वरून हुकूम आला की पथकात महिला हव्यात. पथकप्रमुखांनी आधी आपल्या ओळखीच्या घरांत विचारलं. त्या घरांतल्या बायकांनी उन्हाचं कारण सांगितलं. मग पथकप्रमुखांना आमची आठवण झाली. आमच्या विहारात येऊन त्यांनी स्त्रीशक्तीवर भाषण दिलं. बायका ऐकून उठल्या आणि घरी गेल्या. आई तेवढी थांबली आणि तिने विचारलं की विमानात बसवणार का.

पथकप्रमुख म्हणाले, अवश्य, संधी आली की अवश्य.

आईला उडायचं होतं. बस, एवढंच. देशसेवा, संरक्षण, स्त्रीशक्ती यातलं काही तिच्या डोक्यात नव्हतं आणि तिने तसं सोंगही आणलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आपण राहतो ते वरून कसं दिसतं, ते बघायचंय एकदा. खालून बघून कंटाळा आला."

आईच्या मागोमाग इकडून तिकडून आणखी काही बायका पथकाला मिळाल्या. महिलांच्या गणवेशावर पथकाने जेवढा विचार केला तेवढा शत्रूवर कधी केला नसेल. शेवटी आकाशी साडी आणि टोपी असं ठरलं. साडी अर्थातच शेठच्या दुकानातली. अंबाड्यावर टोपी राहायची नाही, म्हणून बायका ती आकड्यांनी टोचून घ्यायच्या आणि सलाम करताना टोपीसकट केस ओढले जायचे. कवायत बघायला मी जायचे. मला लाज वाटायची आणि हसूही यायचं. आई मात्र मन लावून करायची. खुणांच्या पट्ट्यांचं काम तिच्याकडे आलं. लांबच लांब पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जमिनीवर अंथरायच्या आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे. इंग्रजी टीच्या आकारात मांडल्या की त्याचा अर्थ, ये, उतर. फुलीच्या आकारात मांडल्या की उतरू नको. पहिल्या रविवारी पहिला धडा हाच. इतका सोपा की शेठलाही पाठ होता. वर्षानुवर्षं आई टी मांडायची आणि रिकामं आभाळ तिच्याकडे बघत राहायचं. संपलं की पट्ट्या झटकून गुंडाळायची आणि समोसा न खाता पदरात बांधून माझ्यासाठी आणायची.

मी दहावीत होते त्या वर्षी बातमी आली की वर्धापनदिनाला खरंच विमान येणार. मुंबईच्या एका फ्लाइंग क्लबचं, छोटं. एक मंत्री येणार होते आणि त्यांना कुणी तरी सुचवलं होतं की पथकातल्या एका स्त्रीला विमानातून फेरी मारून आणावी, पेपरात फोटो चांगला येईल. ती स्त्री म्हणून पथकप्रमुखांनी आधी स्वतःच्या सुनेचं नाव दिलं. ती पथकात कधी आलीच नव्हती, पण ते जाऊ द्या. सुनेने ऐन वेळी अंग काढून घेतलं. मग दुसऱ्या दोघींना विचारलं, त्यांच्या नवऱ्यांनी नाही म्हटलं. असं होत होत गाडी आमच्या दारात आली. आईने बाबांना विचारलंसुद्धा नाही. बाबा पेपर वाचत होते, ते म्हणाले, "जा, पण वरून माझ्या नावाने ओरडू नकोस, कारखान्यात ऐकू येईल."

त्यानंतर बुवापाड्यात जगणं कठीण झालं. आईने नळावर सांगितलं, विहारात सांगितलं, पॅकिंगच्या बायकांना, भाजीवालीला, माझ्या शाळेच्या बाईंना सांगितलं. साडी नेसून विमानात चढता येणार नाही असं कळल्यावर तिने बाबांची पँट कमरेत आत घेतली आणि घरात घालून बघितली. आमच्या वस्तीत तेव्हा तिच्या वयाच्या बाईने पँट घालणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. खिडकीतून डोकी दिसायला लागली तशी आई पँट घालून मुद्दाम पाण्याला गेली. काही जणी तोंडावर पदर धरून हसल्या. आई म्हणाली, हसा, वरून तुमच्यावर थुंकेन.

वर्धापनदिनाच्या सकाळी वस्तीने टेम्पो केला. आई अर्थातच आधी गेली होती, पट्ट्या मांडायच्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा धावपट्टीच्या टोकाला तिचा टी मांडून झाला होता आणि ती कमरेवर हात ठेवून, पँट आणि आकाशी शर्टात, पट्टीच्या मधल्या भागाकडे बघत उभी होती.

धावपट्टीच्या बरोबर मध्यावर मांडव घातलेला होता.

आता यात कुणाचा लबाड हेतू नव्हता. म्हणूनच तर मला त्याचा इतका तिटकारा येतो. पथकाचा वर्धापनदिन दर वर्षी तिथेच व्हायचा. सपाट जागा तेवढीच, बाकी माळावर दगड आणि काटे. विमान कधी आलंच नव्हतं, त्यामुळे धावपट्टी म्हणजे मांडवाची जागा हे पथकातल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं. विमान येणार म्हणून त्यांनी काय केलं, तर मांडव थाटाचा केला. झालर, लाल गालिचा, सोफा, फुलांची कमान. आणि मांडवापुढे, त्याच धावपट्टीवर, बदलापूर-वांगणीकडच्या पाड्यांवरून शाळेची पोरं ट्रक भरून आणून रांगांनी बसवली होती. मंत्र्यांना गर्दी लागते. पोरांच्या हातात कागदी झेंडे होते आणि त्यांना सकाळपासून पाणीही कुणी दिलेलं नव्हतं. हवाई दलाच्या माणसांनी विमान उतरण्याच्या जागेवर सोफा मांडला, आणि एकाही हुद्देवाल्याच्या डोक्यात काही आलं नाही.

आई तडक पथकप्रमुखांकडे गेली. मी मागोमाग. तिने विचारलं, विमान कुठे उतरवायचं. पथकप्रमुखांनी मांडवाकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा मांडवाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्यांना त्या क्षणी कळलं. पण कळलंय हे कबूल करायचं कसं? ते म्हणाले की वैमानिक शिकलेला असतो, तो पाहून घेईल. शेठनी भाच्याला हाक मारली. भाचा म्हणाला, बांबूसाठी धावपट्टीला भोकं पाडून खड्डे केलेत, आता सोडवायला दुपार होईल.

शेठ आईला समजावू लागले. "अरे बाई, तू टेन्शन कायको लेती है? इतनासा तो विमान है. मांडव के बाजू से उतर जाएगा."

"आणि पोरं?" आई म्हणाली.

पोरांना उठवू या, असं एक मास्तर पुटपुटले. पथकप्रमुखांनी त्यांना गप्प केलं. मंत्र्यांची गाडी कुठल्याही क्षणी येईल, पोरं रांगेत दिसली पाहिजेत, स्वागतगीत झालं की मग बघू. मंत्री उशिरा येणार हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असतं. पथकप्रमुखांना नव्हतं.

पथकाच्या इतिहासात वेळेवर आलेली पहिली आणि शेवटची गोष्ट म्हणजे ते विमान. मंत्र्यांचा पत्ता नव्हता आणि टिटवाळ्याच्या बाजूने घरघर ऐकू आली. पांढरं, इवलंसं. पोरं उठली. जन्मात पहिल्यांदा विमान इतक्या खाली बघत होती ती, बसतील कशाला? रांगा मोडल्या, झेंडे हलवत अर्धी पोरं ज्या बाजूने विमान येत होतं त्याच बाजूला धावत सुटली. मास्तर शिट्ट्या फुंकत होते. पथकाकडे शिट्ट्यांची कमी कधीच नव्हती. विमानाला वरून आईचा टी दिसत असणार, कारण ते सरळ त्याच रोखाने खाली येत होतं.

आई धावली. पँटच्या कमरेला एका हाताने धरून ती त्या टोकाला पोचली, लाथेने दगड उडवले आणि आडवी पट्टी ओढली. पथकप्रमुख मागून ओरडत होते की टी हलवू नका, मंत्र्यांना काय सांगू. आईने दोन्ही पट्ट्यांची फुली केली. दगड ठेवायला वेळ नव्हता, म्हणून ती स्वतःच फुलीच्या मध्यावर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी, जसं आपण म्हशीला हाकलतो तसं, त्या विमानाला हाकलू लागली.

विमान खूप खाली आलं. मग एकदम नाक वर करून चढलं. एक गिरकी घेऊन पुन्हा खाली आलं, बहुतेक खात्री करायला. पोरं आणखी चेकाळली, मांडवाच्या झालरी फडफडल्या. आई फुलीवरून हलली नाही. मग ते वळलं आणि मुंबईच्या दिशेने निघून गेलं.

मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती पट्ट्या गुंडाळत होती. मला म्हणाली, "त्याने बघितलं मला. तोंड दिसलं त्याचं." तिच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हाही कळत होतं. ज्या दिवसाची तिने इतकी वर्षं वाट बघितली तो दिवस तिने स्वतःच्या हाताने परत पाठवला होता.

पुढचं ऐका. तेवढ्यात मंत्री आले. पथकप्रमुखांनी हार घालता घालता त्यांना सांगितलं की विमानाने आमच्या स्वयंसेविकेला नुकतंच फेरी मारून आणलं, मानवंदना दिली आणि शिस्तीप्रमाणे ते तळावर परतलं. मंत्र्यांनी मान डोलावली. त्यांनाही विमानाशी काही घेणंदेणं नव्हतं. मग त्यांनी आभाळातल्या स्त्रियांवर भाषण केलं, ते चांगलं लांबलं. पोरं पुन्हा उन्हात. आईच्या हातात कुणी तरी आरतीचं तबक दिलं आणि मंत्र्यांना ओवाळायला सांगितलं. माझे हात मातीचे आहेत, असं म्हणून आईने तबक खुर्चीवर ठेवलं.

वस्तीच्या टेम्पोत परत येताना कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. लांबून बघणाऱ्यांना काय दिसलं होतं? विमान आलं आणि बाई हातवारे करून त्याला जा जा म्हणाली. घाबरली. इतकी फुशारकी मारत होती, पँट घालून मिरवत होती, आणि वेळ आली तशी टरकली. आईने समजावलं, मग भांडली, मग नळावर एकीचा हंडा लाथाडला. त्याने उलटंच झालं. बोलणारीचं तोंड धरता येतं, हसणारीचं काय करणार? थोड्या दिवसांनी वरच्या ऑफिसातून विचारणा झाली की विमान परत का आलं. पथकप्रमुखांनी बेधडक कळवलं की महिला स्वयंसेविका ऐन वेळी घाबरली आणि तिने चुकीची खूण मांडली. आईला निरोप आला की आता येऊ नका. साडी आणि टोपी परत मागितली. साडी विकत घेतलेली होती, तरी मागितली. आईने टोपी पाठवली.

मला आजही त्या माणसाचा राग येतो. आई 'विमानवाली' झाली ती कायमची. पोरं तिला बघून दोन्ही हात पसरायची. पॅकिंगमध्ये तेच. विहारात एखादं काम निघालं की कुणी तरी हळूच म्हणायचं, तिला नका सांगू, आयत्या वेळी पळेल. जी बाई कुणाच्या बापाला भ्यायली नाही तिचं नाव भित्री म्हणून पडलं. माझं लग्न ठरताना सासरच्या एका बाईंनी हसत विचारलं की विमानाला हाकलणाऱ्या त्या तुमच्याच आई का. मी हो म्हणाले. आईने बढाया मारणं हळूहळू सोडलं. घरात शांतता झाली, ती मला मुळीच आवडली नाही.

नव्वदनंतर बऱ्याच गोष्टी मोडीत निघाल्या, त्यात पथकही निघालं. आपल्याकडे असं एक दल आहे हे सरकारला कुठून तरी कळलं आणि त्याने ते बंद केलं. आता बंद करायचं म्हटल्यावर समारंभ आलाच. बदलापूरच्या एका हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरला, जेवणासकट, आणि आमच्या घरी एक कार्यकर्ता निमंत्रण घेऊन आला. पथकाकडून विमानात उड्डाण केलेली पहिली महिला म्हणून आईचा सत्कार होता.

आम्ही त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, प्रमुखसाहेबांनी स्वतः नाव दिलंय. हळूहळू माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मंत्र्यांच्या बाजूला उड्डाण झालं असं सांगितलेलं, आणि ऑफिसच्या बाजूला बाई घाबरली असं. एकाच बाईबद्दल माणूस दोन प्रकारे खोटं बोलला होता आणि वय झाल्यावर कुठलं कुठे सांगितलं ते त्याला आठवेना. त्यातलं जे शालीला शोभेल ते त्याने उचललं.

बाबा आईला म्हणाले, "घे शाल आणि गप्प बस. त्यांच्याच तोंडून वस्तीचं तोंड बंद होतंय, तुझं काय जातंय?" मला ते पटलं होतं. एवढी वर्षं जे नाव चिकटलं ते फुकटात पुसलं जात होतं. आई चांगली साडी नेसली आणि आली. जेवण आहे म्हटल्यावर निम्मा बुवापाडाही आला.

पथकप्रमुखांना आता नीट उभं राहवत नव्हतं, तरी विमानप्रवासाचं वर्णन त्यांनी केलंच. मग आईचं नाव पुकारलं. आकाशाला गवसणी घालणारी वगैरे. आईने शाल घेतली, नारळ घेतला, आणि खाली उतरायच्या ऐवजी माइककडे गेली.

"मी विमानात बसले नाही," ती म्हणाली. "मांडव धावपट्टीवर घातला होता आणि पोरं समोर बसवली होती. विमान उतरलं असतं तर पोरं चिरडली असती. म्हणून मी ते परत पाठवलं. मला बसायचं होतं. घाबरले नव्हते मी."

मला वाटलं, आता तरी कुणाला तरी लाज वाटेल. सूत्रसंचालक पुढे आला आणि गहिवरून म्हणाला की बघा, ही खरी विनम्रता, एवढं मोठं काम करून श्रेय घ्यायला तयार नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठ उठून उभे राहिले. आमच्या वस्तीतल्या ज्या बायका वर्षानुवर्षं टरकली टरकली म्हणून हसल्या होत्या त्याही हातांची आग होईपर्यंत टाळ्या वाजवत होत्या. नंतर एकीने येऊन आईचा हात धरला आणि म्हणाली, अगं नंतर कधी तरी खरंच गेली होतीस की वर, आम्हाला मेलीने पत्ता लागू दिला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. खोटं सांगितलं तर लोकांनी मानलं, खरं सांगितलं तर ते खोट्याच्याच खात्यात जमा झालं.

ती जेवायला बसेना. मी जबरदस्तीने बसवलं. पंगतीत वाढायला पाड्यावरच्या बायका होत्या, केटररने मजुरीवर आणलेल्या. त्यातली एक तरुण, कडेवर झोपलेलं मूल पदराने बांधलेलं, पुऱ्यांची परात घेऊन आईसमोर थांबली आणि बघत राहिली. आईने नको म्हणून हात आडवा केला तरी हलेना.

"पँट घातलेली बाई ती तुमीच ना?" तिने विचारलं. "आमच्या शाळेला ट्रकातून नेलेली. सकालपासना उनात बसलो व्हतो आमी इमान बघाया. खाली येत व्हता, मी धावलू बी. तुमी त्याला उतरूच दिला नाय. लय शिव्या घातल्या आमी तुमाला."

आईने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कडेवरच्या मुलाकडे. बऱ्याच वर्षांनी मी आईला हसताना बघितलं, आणि ती आपलं ताट पुढे सरकवत म्हणाली, "घातल्यास ना? बरं केलंस. शिव्या घालायला जिवंत राहिलीस, तेवढं पुरे मला. वाढ पुरी."